कोसमटोला फाट्याची लिली

गुणवंतरावांची बाग पाहायची तर बल्लारपूरपासून सुरुवात करावी लागायची. कुंपणाच्या दाराशी बल्लारपूरचा निशिगंध, त्याच्या पुढे कोठारीचा डेलिया आणि कोठारीचीच एक लाल लिली, मग गोंडपिपरीचे चार-पाच प्रकार, नळाजवळ आष्टी, पपईखाली लगाम, आणि थेट मागच्या भिंतीला टेकून आलापल्ली नि अहेरी. एखादा पाहुणा मधूनच कुठे घुसला तर गुणवंतराव त्याला हाताला धरून परत दाराशी आणत. मधल्या स्टॉपवर चढलेल्या माणसाला रस्ता कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पाहुणे बिचारे चहा थंड होईपर्यंत अहेरीपर्यंत जाऊन येत.

एकतीस वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली आणि त्यातली बावीस चंद्रपूर–अहेरी या एकाच गाडीवर. बागेतलं एकेक झाड त्या रस्त्यावरच्या कोणा ना कोणाच्या अंगणातून आलेलं. पहिला कांदा तर त्यांना गाडीतच सीटखाली सापडला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो ज्या म्हातारीचा होता तिला परत केला, तेव्हा ती म्हणाली, तुम्हीच लावा, माझ्याकडे ढीग आहे. त्या दिवसापासून रस्त्यावर बातमी पसरली की या कंडक्टरला फुलांचे कांदे आवडतात. मग काय, कोणी पदरातून आणून द्यायचं, कोणी गाडीच्या खिडकीतून हातावर ठेवायचं.

बागेत सगळी झाडं कांद्याची नाहीतर गड्ड्याची. गुलाब नाही, मोगरा नाही. अहेरीला मुक्कामी गाडी असली की गुणवंतराव दोन-दोन दिवस घरी नसायचे, आणि त्यांच्या बायकोला, रंभाबाईंना, फुलांचा मुळीच सोस नव्हता. ज्याची भाजी होत नाही त्याच्यासाठी मी बादली उचलणार नाही, हे त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सांगून टाकलं होतं. कांद्याचं बरं असतं. खाकी शर्टाच्या खिशात मावतो, आठवडाभर पाणी मिळालं नाही तरी रुसत नाही, आणि त्याला वाटेल तेव्हा उठून फुलतो.

गुणवंतरावांचा नियम एकच होता. एका माणसाचा एक कांदा, एक जागा. कांद्याला बाजूला पिल्लू फुटलं की ते लगेच काढून कोणाला तरी देऊन टाकायचं. गाडीत नाइलाजानं माणसं उभी घ्यावी लागत, पण स्वतःच्या बागेत त्यांनी कोणाला उभ्यानं प्रवास करू दिला नाही.

या सगळ्यात एका कांद्याची गोष्ट वेगळी होती. आष्टी ओलांडली की पुढे कोसमटोला नावाचा फाटा लागतो. फाट्यावर चार घरं, त्यातलं एक बायनाबाईचं. तिचा नवरा लटारूभाऊ आलापल्लीच्या जंगलात वनमजूर होता. त्यांची एकुलती एक मुलगी रिना आष्टीच्या शाळेत जायची. सकाळची परतीची गाडी फाट्यावर सातला यायची आणि रिना कधीच सातला फाट्यावर नसायची. वेणी राहिलेली, नाहीतर वही राहिलेली, नाहीतर बोडीवर, म्हणजे गावच्या तळ्यावर, अंघोळीला गेलेल्या म्हशीनं वाट अडवलेली. गुणवंतराव घंटीच्या दोरीला हात लावून दारात उभे राहत आणि लाल रिबिनी धावत येताना दिसल्यावरच दोरी ओढत. ड्रायव्हर सुकलू रोज कुरकुर करायचा. रोज दोन मिनिटं. शाळा संपेपर्यंत, म्हणजे सात वर्षं.

ज्या दिवशी रिना दहावी पास झाली त्या दिवशी बायनाबाई फाट्यावर स्वतः आली आणि तिनं गुणवंतरावांच्या हातावर एक कांदा ठेवला. पांढरी लिली. नुसती पांढरी नव्हे, पाकळीच्या कडेनं अगदी बारीक लाल रेघ, पांढऱ्या साडीला लाल काठाचा दोरा असावा तशी. रिना जन्मली त्या साली लटारूभाऊनं ती जंगलखात्याच्या एका जुन्या विश्रामगृहाच्या माळ्याकडून मागून आणली होती. एप्रिलमध्ये फुलायची. दरवर्षी चौदा एप्रिलला लटारूभाऊ तिचं फूल विहारात नेऊन बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवायचा. त्या भागात तशी लिली दुसऱ्या कोणाकडे नव्हती. गुणवंतरावांनी ती आपल्या बागेत आष्टीच्या पुढे, नळापासून तीन हातांवर लावली. पिल्लं द्यायला ती फार चिक्कू. इतक्या वर्षांत दोनच दिली. त्यातलं एक सिरोंच्याला बदलून गेलेल्या मास्तरांनी नेलं, एक कोणी नेलं ते आता आठवतही नाही.

गुणवंतराव सेवानिवृत्त झाले. काही वर्षांनी त्यांच्या मुलानं, प्रवीणनं, गडचांदूरला घर बांधलं. तो तिथे सिमेंटच्या कारखान्यात नोकरीला. आईबाबांनी चंद्रपूरचं भाड्याचं घर सोडून आपल्याकडे यावं असा त्याचा हट्ट होता. फेब्रुवारीत जायचं ठरलं. नव्या घरामागे बागेपुरती जागा होती, पण तिथे वरच्या खोलीसाठी आणलेली रेती नि गिट्टी पडलेली. जूनपर्यंत ती हलणार नव्हती. म्हणून गुणवंतरावांनी सगळे कांदे नि गड्डे खणून काढले आणि नव्या घराच्या टिनाच्या शेडमध्ये बांबूच्या मांडणीवर ठेवले.

आता प्रश्न आला खुणेचा. सत्तेचाळीस नग. कोणता कोणाचा हे लक्षात कसं राहणार? रंभाबाई म्हणाल्या, चिंध्या बांधा, त्यावर खडूनं नाहीतर रंगानं नाव लिहा. गुणवंतरावांना हे गावंढळ वाटलं. ज्या माणसानं एकतीस वर्षं तिकिटाशिवाय कोणाचा शब्द खरा मानला नाही, तो कांद्याला दुसरं काय बांधणार? त्यांनी पुनमला फोन लावला. पुनम आता त्यांच्याच जुन्या गाडीवर कंडक्टर होती. नोकरीला लागली तेव्हा पहिले दोन महिने तिनं त्यांच्याच हाताखाली काम शिकलं होतं. प्रवासी उतरताना सीटवर टाकून जातात ती तिकिटं जमवून ठेव, असं त्यांनी तिला सांगितलं. काका म्हातारपणी काय करतील याचा नेम नाही, असं मनात म्हणून तिनं पिशवीभर तिकिटं आणून दिली. त्यातून गुणवंतरावांनी एकेक स्टॉप निवडला, तिकिटाची घडी केली आणि सुतळीनं कांद्याच्या मानेला बांधली. कोसमटोला फाट्याचं तिकीट शोधायला त्यांना अर्धा दिवस लागला. शेवटी सापडलं. रंभाबाईंना त्यांनी मुद्दाम बोलावून दाखवलं. म्हणाले, छापील आहे. रंगासारखं उडत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रिनाचा फोन आला. ती आता आष्टीला नर्स होती, दोन लेकरांची आई. जय भीम काका, असं म्हणून तिनं आधी सगळ्यांची खुशाली विचारली, मग मूळ गोष्ट सांगितली. महामार्ग रुंद झाला होता आणि बायनाबाईच्या घरापुढचं अंगण रस्त्यात गेलं होतं. जागा जाणार हे ठाऊक होतं, पण मशीन इतक्यात येईल असं वाटलं नव्हतं. मार्चअखेर ज्या दिवशी ते आलं त्या दिवशी बायनाबाई आष्टीला, रिनाकडे नातवाला ताप होता म्हणून गेलेली. परत आली तर लिलीचा वाफा नव्हताच. त्या जागी मुरूम. लटारूभाऊ जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं. बायनाबाई रडली नाही, भांडली नाही, फक्त दर दोन दिवसांनी एकच विचारत होती, कंडक्टरभाऊंकडे दिलेला कांदा असेल का गं?

गुणवंतरावांची छाती फुगली. आहे म्हणजे काय, रेकॉर्ड आहे आपल्याकडे, असं त्यांनी फोनवर सांगितलं. सोमवारी स्वतः आणून देतो म्हणाले. फोन ठेवून ते तडक शेडमध्ये गेले.

आधी दोन लिलीचे कांदे हाताला मऊ लागले. सडले होते. वासानं नाक मुरडून त्यांनी ते तिकिटं न उलगडताच सुतळीसकट खताच्या खड्ड्यात टाकले आणि माती ओढली. मग तिसरा घेतला, तिकिटाची घडी उलगडली. कोरी. चौथ्याची उलगडली. कोरी. त्यांनी चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं, तिकीट उजेडाकडे धरून पाहिलं. उरलेली पंचेचाळीसही तिकिटं धुतल्या पाटीसारखी स्वच्छ. टिनाखालच्या त्या उन्हाळ्यात मशीनच्या तिकिटावरची सगळी अक्षरं विरून गेली होती. गुणवंतरावांनी जन्मात लाखो तिकिटं दिली, पण प्रवासी उतरल्यावर तिकिटाचं पुढे काय होतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

ते तिथेच पालथ्या बादलीवर बसले. डेलियाचे गड्डे रताळ्यासारखे, ते ओळखू येत. निशिगंधाचे झुपके ओळखू येत. भुईचाफा ओळखू येई. पण लिली तेवढ्या एकसारख्या. मूळच्या सोळा, आता चौदा. त्यांनी वास घेतला, वजन करून पाहिलं, साल खरवडून पाहिली. चौदाही कांदे त्यांच्याकडे सारख्याच मख्खपणे पाहत होते. आणि मग त्यांना खताचा खड्डा आठवला. त्या दोनांतला एक तिचा असेल तर? उकरून पाहिलं तरी आता काय कळणार होतं?

रंभाबाईंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि चिंध्यांचा विषय काढला नाही. हा त्यांचा मोठेपणा. उलट वरण वाढता वाढता त्यांनी उपाय सांगितला.

"त्यातला एक चांगला पाहून देऊन टाका. फुलाले सालभर लागते. तवा म्हनता येते, माती बदलली, रंग बदलला."

गुणवंतरावांना राग यायला हवा होता, पण आला नाही. उपाय सोयीचा होता. सोमवारी सकाळी त्यांनी चौदांतला सर्वांत गोंडस कांदा निवडला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि राजुऱ्यावरून बल्लारपूर गाठलं. तिथून पुनमची गाडी. पुनमनं पुडकं पाहून विचारलं, कोणत्या स्टॉपचा? कोसमटोल्याचा, असं ते म्हणाले, आणि म्हणता क्षणीच त्यांच्या लक्षात आलं की आपण या गाडीत आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो. पुढे गोंडपिपरी आली, आष्टीचा पूल आला, वैनगंगा आली. खिडकीतून ओळखीची अंगणं मागे जात होती. गुणवंतरावांनी एकाकडेही मान वळवून पाहिलं नाही.

फाट्यावर उतरले तर घर पटकन ओळखू आलं नाही. रस्ता पार उंबऱ्यापर्यंत आला होता. बायनाबाई दारातच होती, पांढरं धुतलेलं लुगडं नेसून, केस विंचरून. तिनं त्यांना सरळ घरामागच्या बाडीत नेलं. तिथे खड्डा तयार होता. माती चाळून घेतलेली, शेणखत मिसळलेलं, कडेला तांब्यात पाणी. शेजारच्या दोन बायका पाहायला आलेल्या. बायनाबाईनं कागद उलगडला, कांदा दोन्ही हातांत घेतला आणि त्याच्याकडे पाहत हळूच म्हणाली, "आला का रे?"

गुणवंतरावांना ते सोसवलं नाही.

"बाई," ते म्हणाले, "हा तुमचाच हाय का, मले नाई मालूम."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तिकिटं, टिनाचं शेड, कोरे कागद, रंभाबाईंचा सल्लासुद्धा. फक्त खताच्या खड्ड्यात गेलेल्या दोन कांद्यांचं काही बोलले नाहीत. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. शेजारणी एकमेकींकडे पाहू लागल्या. बायनाबाई ओट्यावर बसली. बराच वेळ तिनं कांदा मांडीवर धरून ठेवला होता. तिला वाईट वाटलं होतं हे स्पष्ट दिसत होतं आणि ते लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही.

"माह्या पोरीसाठी तुमी रोज दोन मिनटं गाडी थांबवली, कंडक्टरभाऊ," शेवटी ती म्हणाली. "सात साल. मी एक साल थांबतो."

आणि लगेच उठून तिनं कामाचं बोलणं सुरू केलं. एक कांदा आणून काय होणार, सगळे आणा. इथेच लावू. फुलले की कोणता कोणाचा ते दिसेलच. माझा मला, बाकीचे तुम्हाला. खड्डे मी करून ठेवते.

पुढच्या आठवड्यात गुणवंतरावांनी उरलेले तेरा कांदे पोत्यात घालून नेले. पुनम त्याला सामानाचं तिकीट लावते का याची त्यांना उत्सुकता होती. तिनं पोतं हातानं तोललं, हसली आणि ड्रायव्हरमागे ठेवून दिलं. बाडीत सात-सातच्या दोन ओळी केल्या. या वेळी गुणवंतरावांनी पावडरच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून त्याच्या पट्ट्या केल्या होत्या आणि खिळ्यानं त्यावर एक ते चौदा आकडे कोरले होते. ते कोरत असताना रंभाबाई समोर बसून भाजी निवडत होत्या. भाजी निवडायला त्यांना त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

तर असं वर्ष सुरू झालं. महिन्यातून एकदा गुणवंतराव पाहणीला जात. खरं म्हणजे एकदा पुरेसं होतं. पण पावसाळ्यात लिलीवर काळ्या-पिवळ्या ठिपक्यांच्या अळ्या पडल्या, तेव्हा ते आठवड्याला जाऊ लागले. या अळ्या दोन दिवसांत पान मुळापर्यंत फस्त करतात. बायनाबाई पहाटे काडीनं त्या एकेक काढून राखेत टाकायची, गुणवंतराव गेले की पानं उलटी करून अंडी शोधायचे. दोघं समोरासमोर उकिडवे बसून लटारूभाऊच्या गोष्टी बोलत. त्याला जंगलात अस्वलानं कसं झाडावर चढवलं होतं, आणि खाली उतरल्यावर तो अस्वलापेक्षा बायकोला कसा भ्याला होता. हिवाळ्यात एकदा रंभाबाईही आल्या. त्यांनी लिलीकडे एकदाच पाहिलं, पण बायनाबाईच्या बाडीतल्या वालाच्या शेंगांकडे फार पाहिलं, आणि जाताना पिशवीभर घेऊन गेल्या. त्यानंतर त्या स्वतःच विचारू लागल्या, काऊन, या महिन्यात कोसमटोल्याले जानं नाई का?

गुणवंतरावांना ते वर्ष फार चांगलं गेलं, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. निवृत्तीनंतर सकाळी सहाला जाग येऊन अंगणात नुसतं फिरणारा माणूस आता पुन्हा पिशवी घेऊन स्टँडवर उभा राहत होता. कोठारीला कोणीतरी हात करायचं, लगामहून कोणी निरोप पाठवायचं. गडचांदूरच्या परसात उरलेली झाडं लागली होती. तिथल्या चुनखडीच्या मातीत निशिगंध चांगला आला. पण बाग अर्धी इथे, अर्धी तिथे झाली याचं त्यांना दुःख नव्हतं. एकच गोष्ट सलत होती. त्या दोन सडलेल्या कांद्यांचं आज सांगू, असं ठरवून ते दर वेळी निघत आणि न सांगता परत येत.

मार्चमध्ये पहिला दांडा निघाला. मग रिनाचे फोटो मोबाइलवर येऊ लागले. तीन नंबर, लाल, आत पांढरा तारा. गुणवंतराव कळवत, लगाम, रामय्याच्या पानठेल्यामागची. अकरा नंबर, गुलाबी रेघांची. गोंडपिपरी, तहसीलजवळच्या मॅडमची. सात नंबर, केशरी. अहेरी, डेपोच्या स्वयंपाकीणबाईची. एकेक कांदा आपलं नाव सांगत उठत होता, आणि एकेक नाव आलं की गुणवंतरावांना आनंद व्हायचा आणि भीतीही वाढायची. दहा एप्रिलपर्यंत तेरा फुलून गेल्या. तेरांत बायनाबाईची नव्हती. राहिली नऊ नंबर. तिला उशिरा दांडा आला होता, आणि वर हिरवं मिटलेलं बोंड. आता सगळा हिशेब त्या एका बोंडावर येऊन थांबला. कोठारीची लाल आणि आष्टीची गुलाबीही अजून दिसली नव्हती. नऊ नंबर त्या दोघींतली एक निघाली तर बायनाबाईची लिली खताच्या खड्ड्यात गेली, हे नक्की होतं.

चौदा एप्रिलला गुणवंतराव पहिल्याच गाडीनं निघाले. फाट्यावर निळ्या पताका लागल्या होत्या, विहारातून लाउडस्पीकरवर बुद्धवंदना ऐकू येत होती. बायनाबाई बाडीत होती. नऊ नंबर घराच्या भिंतीला लागून होतं, आणि दारातून पाहणाऱ्याला बोंडाची हिरवी पाठच दिसत होती. गुणवंतराव पुढे गेले नाहीत. आधी सांगितलंच पाहिजे, मग जे दिसायचं ते दिसो, असं त्यांनी गाडीतच ठरवलं होतं.

"बाई, एक गोष्ट तुमाले सांगाची राह्यली."

"दोन सडले होते. हेच ना?"

गुणवंतरावांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"तुमी मले जवा तवा सांगत होते, माह्याकडं सोळा लिली हाय, सोळा लिली हाय. पयला धरून झाले चौदा. मले मोजता येते."

मग वर्षभर विचारलं का नाही, असं त्यांनी कसंबसं विचारलं. विचारून काय झालं असतं, ती म्हणाली. तुम्ही कांदा परत आणला असता का? उगाच तुमचं येणं अवघड झालं असतं. एवढं बोलून तिनं नऊ नंबरच्या दांड्याला दोन बोटांनी धरून हलकेच त्यांच्याकडे वळवलं.

भिंतीच्या बाजूनं बोंड फुटलं होतं. चारांतलं एक फूल पुरतं उघडलं होतं. पांढरं. पाकळीच्या कडेनं बारीक लाल रेघ.

तिनं पहाटेच पाहिलं होतं. आणि तुम्ही येईपर्यंत तोडायचं नाही असं रिनाला बजावून ती तिथेच बसून राहिली होती. गुणवंतरावांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं. तरीही पांढरंच होतं. खड्ड्यात गेल्या त्या कोठारीची लाल आणि आष्टीची गुलाबी तर! त्या लिली देणाऱ्या कोठारीच्या शिंपिणीची आणि आष्टीच्या बाईंची मनातल्या मनात त्यांनी माफी मागितली, पण खरं सांगायचं तर त्या घटकेला त्यांना दोघींचं फारसं वाईट वाटू शकलं नाही.

बायनाबाईनं उघडलेलं तेवढंच फूल खुडलं. बाकीची तीन बोंडं दांड्यावर राहू दिली. रिना, तिची लेकरं, बायनाबाई आणि गुणवंतराव असे सगळे विहारात गेले. लटारूभाऊच्या हातानं जिथे ठेवलं जायचं तिथेच, फोटोपुढच्या पाटावर, तिनं ते ठेवलं आणि हात जोडून बराच वेळ उभी राहिली. गेल्या साली ती जागा रिकामी गेली होती. जेवणाला भात, वांग्याची भाजी आणि बुंदी होती. गुणवंतरावांनी बुंदी दोनदा मागितली, जी ते घरी साखरेमुळे एकदाही मागू शकत नव्हते.

दुपारी परतीच्या गाडीची वेळ झाली तेव्हा बायनाबाई कुदळ आणि पोतं घेऊन बाडीत आली. बोलल्याप्रमाणे करायचं होतं. आपला आपल्याला, त्यांचे त्यांना. आता तुमचे तेरा काढून घ्या, कोवळी पानं मोडू नका, असं म्हणून तिनं कुदळ पुढे केली.

गुणवंतरावांनी कुदळ घेतली. दोन ओळींत उभ्या असलेल्या लिलींकडे त्यांनी एकदा पाहिलं. लगाम, गोंडपिपरी, आलापल्ली, अहेरी. मधे नऊ नंबरची पांढरी बोंडं. मग त्यांनी कुदळ भिंतीला टेकवून ठेवली.

"राहू द्या इथीच," ते म्हणाले. "हे नेले तं मी येऊ कोनत्या बहान्यानं?"

बायनाबाईनं पोतं घडी करून काखेत घातलं. ठीक आहे म्हणाली. मग पुढच्या खेपेला राख घेऊन या, अळ्या लवकर पडतील यंदा, आणि बाईंना पण आणा, शेंगा संपल्या पण वांगी आहेत.

वांग्यांचं बोलणं होईपर्यंत रस्त्यावरून हॉर्न आला. एकदा, मग लांबलचक दुसऱ्यांदा. गुणवंतरावांनी पिशवी उचलली आणि चौसष्टाव्या वर्षी, पायात चपला असताना, घराला वळसा घालून ते धावत सुटले. गाडी फाट्यावर उभी होती. ड्रायव्हर खिडकीतून काहीतरी पुटपुटत होता. दारात पुनम उभी होती, आणि तिनं घंटीची दोरी हातात धरली होती, पण ओढली नव्हती.